गाणं राहिलं, नाव गेलं

स्क्रीनवर दहा प्रश्नचिन्हं, मग एक मोकळी जागा, मग आणखी चार प्रश्नचिन्हं. त्या ओळीवर क्लिक केलं की गाणं व्यवस्थित सुरू होतं. आधी जुन्या तबकडीची खरखर, मग पेटी, मग आवाज. गाण्याला काहीही झालेलं नाही. फक्त ते कुणाचं, हे सांगणारी जागा पुसली गेली आहे.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतीतल्या आमच्या घरात बाबांच्या २१२ कॅसेट होत्या. इमारत पुनर्विकासाला जाणार हे ठरलं, तेव्हा भाड्याच्या घरात एवढं न्यायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. बाबा तोवर गेले होते. मी एक जुना डेक दुरुस्त करून घेतला, त्याचा रबरी बेल्ट बदलला आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. ऑफिसातून आल्यावर रोज एक, सुट्टीच्या दिवशी तीन किंवा चार. प्रत्येक गाण्याची फाइल वेगळी कापली आणि नाव, गायक, कवी, संगीतकार सगळं देवनागरीत भरलं. आईला आवडलेल्या गाण्यांना पाच तारे दिले. हे सगळं गाण्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतं. एका रविवारी त्याने नवी आवृत्ती आल्याचं सांगितलं. तुमचा संग्रह नव्या स्वरूपात बदलला जाईल, अशी एक ओळ आली आणि मी ‘हो’ म्हटलं. पंधरा मिनिटांनी तारे गेले होते, याद्या रिकाम्या होत्या आणि जवळजवळ निम्म्या गाण्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं होती. जुनी आवृत्ती परत टाकून पाहिली. तिने सांगितलं की हा संग्रह नव्या आवृत्तीत तयार झाला आहे, तो उघडता येत नाही.

त्या रात्री झालेला संताप अजून पुरता गेलेला नाही. पण त्या संतापातूनच मी शोधत मागे गेले. गाण्याला नाव चिकटवण्याची ही सोय आली कुठून, आणि यंत्र बदललं की आधी तीच का तुटते?

शोध थेट १९०२ सालापर्यंत जातो. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना ना भाषा कळायची ना आवाज ओळखू यायचा. मग कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं? त्यावर तोडगा असा निघाला की गाणं संपता संपता गायिकेनेच आपलं नाव सांगायचं. म्हणून ख्याल असो वा ठुमरी, अखेरीस गौहर जान ठसक्यात इंग्रजीतून सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान’. तो पुढे त्यांच्या ऐटीचा नमुना ठरला, पण मुळात तो लेबल लावणाऱ्यासाठी ठेवलेला निरोप होता. नाव गाण्याच्याच खाचेत कोरलेलं होतं. तबकडी कुठेही जावो, लेबल फाटो, फिकं पडो, नाव सुटत नाही. पुढच्या एकशेवीस वर्षांत गाणं आणि नाव यांची इतकी घट्ट गाठ पुन्हा कुणी मारलेली मला दिसली नाही.

१९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. लेबल लावणाऱ्याला आता भाषा कळत होती, त्यामुळे गायकाने स्वतःचं नाव सांगायची गरज हळूहळू संपली. नाव खाचेतून निघून कागदावर आलं. तबकडीच्या मधोमध गोल लेबल, त्यावर गायक, गाण्याचा मुखडा, राग किंवा नाटक आणि एक क्रमांक. हा क्रमांक फार महत्त्वाचा. कंपन्या नव्या तबकड्यांची पत्रकं काढायच्या, आणि त्या पत्रकातला क्रमांक सांगितला की दुकानदार नेमकी तबकडी काढून द्यायचा.

मराठी गाण्याची अडचण अशी की त्याला एक नाव पुरत नाही. ‘स्वयंवर’मधलं एखादं पद घ्या. नाटक खाडिलकरांचं, साल १९१६, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गळा बालगंधर्वांचा, शिवाय राग वेगळा सांगायचा. ‘मानापमान’ १९११चं, नाटककार तेच, पण संगीत गोविंदराव टेंब्यांचं. भावगीत आलं तरी कवी, संगीतकार, गायक ही तीन नावं लागतातच. आकाशवाणीने हे रीतसर पाळलं. ‘आपली आवड’ ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला विचारा, गाण्याआधी गीत कुणाचं, संगीत कुणाचं आणि गायलंय कुणी, हे निवेदक सांगायचेच. बाबांना शेकडो गाण्यांचे संगीतकार तोंडपाठ होते ते काही पुस्तक वाचून नव्हे.

आणि ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, वर्षभरात छप्पन्न गीतं झाली. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. पण मूळ प्रक्षेपणात गायक अनेक होते. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, स्वतः फडके म्हणजे बाबूजी. पुढे तबकड्यांवर मात्र सगळी गीतं एकट्या बाबूजींच्या आवाजात आली. म्हणजे तेच गीत, तेच शब्द, तेच संगीत, आणि गळा वेगळा. ‘गायक’ या एकाच खणावर सगळी मांडणी उभी करणाऱ्या यंत्रापुढे असं गीत ठेवलं की ते एक तर दोन वेगळी गाणी मानतं किंवा ‘हे दोनदा आलंय, एक काढून टाकू का’ असं विचारतं. हा प्रश्न मला आजवर पंचवीसएक वेळा तरी विचारला गेला असेल.

कॅसेट फिलिप्सने १९६३ साली आणली. आपल्याकडे ती खरी पसरली ऐंशीच्या दशकात. कॅसेटने एक मोठं स्वातंत्र्य दिलं, ते म्हणजे हवी ती गाणी भरून घेण्याचं. दुकानात कोरी कॅसेट आणि आपल्या आवडीची यादी द्यायची, दुकानदार आपल्याजवळच्या तबकड्यांवरून गाणी भरून द्यायचा. ती यादीच मग डबीतल्या दुमडलेल्या कागदावर उतरायची. अ बाजू, ब बाजू, एक ते सहा. नाव आता गाण्यापासून आणखी एक पाऊल दूर गेलं, कारण कॅसेट एका डबीत आणि कागद दुसऱ्या डबीत गेला की संपलं. आमच्याकडे तसं झालेल्या कॅसेट कितीतरी निघाल्या.

म्हणून बाबांनी वही केली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. प्रत्येक कॅसेटला क्रमांक, त्याखाली बाजू, त्याखाली गाणी, आणि समोर तीन उभे रकाने: कवी, संगीतकार, गायक. चौथ्या रकान्यात ‘रेडिओवरून’ किंवा ‘दुकानातून’. क्रमांक कॅसेटवर, वहीत आणि गोदरेजच्या कपाटाच्या कप्प्यावर चिकटवलेल्या कागदावर, असा तीन ठिकाणी.

त्या कपाटाबद्दल सांगायलाच हवं, कारण विक्रोळीत राहून गोदरेज टाळता येत नाही. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली लिलावात इथली जमीन घेतली. पुढे कारखाने आले, वसाहत आली, खाडीकाठची खारफुटी राखली गेली. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या इथे घडल्या. आणि १९५५ साली गोदरेजने टाइपरायटर आणला, पहिला भारतीय बनावटीचा. या यंत्राचा आमच्या गाण्यांशी संबंध आहे. माझी आत्या टायपिंगच्या क्लासला जायची. सरावाला मजकूर हवा म्हणून तिने बाबांच्या वहीतली पहिली साठ पानं मराठी टाइपरायटरवर टाइप केली, कार्बन लावून दोन प्रतींत. देवनागरी टाइपरायटरला मोजक्याच कळा. अर्धी अक्षरं वेगळी, काना वेगळा मारायचा, रफार वेगळा, आणि जोडाक्षराला कळ नसेल तर पाय मोडून भागवायचं. आत्याच्या पानांवर ‘ज्योत्स्ना’ कधीच एकसारखं उमटलेलं नाही. हे टाइपरायटर २००९पर्यंत बनत होते, शेवटी शेवटी शिरवळच्या कारखान्यात.

टाइपरायटर बंद झाला तरी त्याची कळांची मांडणी मेली नाही. कॉम्प्युटरवर मराठी आली ती बऱ्याच अंशी टाइपरायटर शिकलेल्या बोटांसाठी. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेला देवनागरी मुखवटा. फाइलमध्ये आत रोमन अक्षरंच, दिसताना मराठी. फॉन्ट असेल तोवर सगळं ठीक, नवा कॉम्प्युटर आला आणि फॉन्ट राहून गेला की मुखवटा गळून रोमन अक्षरांचं कडबोळं उरायचं. आत्याने २००३च्या सुमाराला उरलेली वही अशाच एका फॉन्टमध्ये टाइप करून दिली होती. ती फाइल आज वाचता येत नाही. तिने त्याआधी टाइपरायटरवर काढलेली कार्बनची प्रत मात्र अजून वाचता येते.

आता सीडीकडे येते, आणि इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत इतकं शुद्ध ध्वनिमुद्रण मावत होतं, पण गाण्याचं नाव नव्हतं. कुठलं गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं, एवढंच तिला माहीत. गौहर जान यांच्या तबकडीला जे माहीत होतं ते ऐंशी वर्षांनंतरच्या तबकडीला माहीत नाही! नावं छापील कागदावरच. नाव सीडीतच ठेवण्याची सोय आली १९९६ साली, आणि तीही फारशी कुणी वापरली नाही. त्याआधी, १९९३च्या सुमाराला, टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी वेगळी वाट काढली होती. गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखायची आणि तिची नावं इंटरनेटवरच्या सामायिक कोठारातून आणायची. कोठार भरणार कोण? ज्याने ती सीडी आधी घातली तो. त्याने रोमनमध्ये जसं लिहिलं तसं सगळ्यांच्या घरी गेलं. म्हणून मराठी संग्रहांत पीएचने लिहिलेले फडके निराळे, एफने लिहिलेले निराळे, आणि नुसते ‘बाबूजी’ तिसरे. सॉफ्टवेअरच्या लेखी हे तीन गायक.

त्याच वर्षी, १९९६ला, एरिक केम्पने एमपीथ्री फाइलला नाव चिकटवण्याची युक्ती काढली. फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट. त्यात शीर्षकाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि गाण्याच्या प्रकाराला १. कवीला जागा नाही, संगीतकाराला नाही. प्रकारांची यादी ऐंशी नावांची, तिच्यात पोल्का आहे, टेक्नो आहे, ट्रान्स आहे. अभंग, नाट्यगीत, लावणी, भावगीत, पोवाडा यांतलं काही नाही. फार तर ‘एथनिक’ म्हणायचं आणि पुढे जायचं. एका माणसाने आपल्या गरजेपुरती केलेली सोय जगभर गेली, यात त्याचा दोष नाही. पण आपल्या गाण्याचं माप घेऊन ती शिवलेली नव्हती.

मुळात ती रोमन लिपीसाठीच होती. तरी समजा, आजच्या पद्धतीने देवनागरी तिच्यात भरली. यूटीएफ-आठ या पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजून. म्हणजे गायकाच्या खणात दहा चिन्हं. ‘ज्योत्स्ना’ मोजा: ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न, काना. बरोबर दहा. खण गच्च भरला, ‘भोळे’ बाहेर. ‘आंधळ्यांची शाळा’मधून १९३३ साली मराठी रंगभूमीला नवा स्वर देणाऱ्या ज्योत्स्नाबाई त्या खणात आडनावासकट मावत नाहीत.

पुढच्या आवृत्त्यांनी हे सुधारलं. १९९८पासूनच्या नव्या पद्धतीत जागेचं बंधन गेलं, संगीतकाराला खण मिळाला, गीतकारालाही मिळाला, युनिकोडही आलं. पण खण असणं वेगळं आणि सॉफ्टवेअरने तो दाखवणं वेगळं. गीतकाराचा खण आजही कित्येक सॉफ्टवेअर पडद्यावर आणतच नाहीत. मी माझे कवी ‘शेरा’ या खणात भरले होते. युनिकोडमध्येही मराठीची वाट सरळ नव्हती. आपला ‘ॲ’ एक चिन्ह म्हणून त्यात आला तो २००८ साली. ‘वाऱ्यावर’मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखाच, यंत्राला वेगळा. एका तऱ्हेने लिहिलेलं गाणं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की सॉफ्टवेअर सांगतं, असं गाणं तुमच्याकडे नाही.

आता त्या रविवारी नेमकं काय झालं ते सांगते, कारण हे कळायला मला दोन महिने लागले. संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर नावं दोन ठिकाणी ठेवतं. एक फाइलच्या आत, दुसरी स्वतःच्या खतावणीत. वेग हवा म्हणून ते पडद्यावर दाखवतं खतावणीतलं. तारे, किती वेळा ऐकलं, कधी घेतलं, कुठल्या यादीत ठेवलं, हे तर बहुतेक वेळा फक्त खतावणीत असतं. आवृत्ती बदलते तेव्हा गाण्यांना कुणी हात लावत नाही. बदलते ती खतावणी. जुनी वाचायची, नव्या आखणीत उतरवायची, आणि जिथे रकाना जुळत नाही तिथलं सोडून द्यायचं. हा प्रवास एकाच दिशेचा असतो. जगभर लोकांनी हे सोसलं आहे. लिनक्सवरच्या अमारोक या अशाच सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली तेव्हा पहिलीवर जीव असलेल्यांना ती इतकी परकी वाटली की २०१०मध्ये जुन्या १.४ आवृत्तीच्या वळणावर क्लेमेंटाईन नावाचं वेगळं सॉफ्टवेअर उभं राहिलं. ॲपलचं आयट्यून्स २००१ साली आलं आणि २०१९मध्ये मॅकवर त्याचे तुकडे होऊन संगीताचं वेगळं ॲप झालं, संग्रहाची फाइलही वेगळ्या स्वरूपाची झाली.

माझ्या बाबतीत खतावणी उतरवताना देवनागरी रोमनच्या खणात कोंबली गेली. जे चिन्ह मावत नाही त्याजागी एक प्रश्नचिन्ह. ‘फाइलमध्येही नावं ताजी ठेवा’ हा पर्याय चालू होता, म्हणून तीच प्रश्नचिन्हं फाइलच्या आतही लिहिली गेली.

एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मराठी नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर घाबरू नका. देवनागरी आत शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचली जाते आहे. ती परत आणता येते. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र आत खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत. तिथून परत येणं नाही.

पण चिन्हागणिक एक प्रश्नचिन्ह, म्हणजे मोजता येतं. दहा आणि चार, ज्योत्स्ना भोळे. पाच आणि चार, सुधीर फडके. सात आणि आठ, वसंतराव देशपांडे. मी आठवडाभर रोज रात्री प्रश्नचिन्हं मोजत बसले. सुमारे दोनशे गाणी अशी नुसत्या मोजणीने परत मिळाली. मग पाच आणि पाच आलं. म, काना, ण, वेलांटी, क. व, र, हलन्त, म, काना. माणिक वर्मा. लिहून टाकलं, पुढे गेले, अशी अठरा गाणी झाली. एकोणिसावं लावलं तेव्हा आई पलीकडे भाजी निवडत होती. तिने हात थांबवला.

“अगं, ह्या माणिकबाई नव्हेत. मालतीबाई आहेत ह्या. मालती पांडे.”

मी मोजलं. म, काना, ल, त, वेलांटी. प, काना, अनुस्वार, ड, मात्रा. पाच आणि पाच.

वही उघडली. कॅसेट ११७, ब बाजू, चौथं गाणं. तिसऱ्या रकान्यात बाबांच्या अक्षरात मालती पांडे. अठरापैकी सात गाण्यांना मी चुकीचं नाव लावलं होतं, आणि ती सातही आईने पहिल्या ओळीतच ओळखली.

मुंबईत १९९०पासून जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मुद्रणांची मायकेल किनिअर यांनी केलेली सूची पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ साली मुंबईतूनच काढली. तबकडीमागून तबकडी, क्रमांकासकट, छापील पुस्तकात. ही माणसं वर्षानुवर्षं कागदावर सूची का करत राहिली, हे मला आत्ता कळतं आहे. सूची यंत्राच्या पोटात ठेवली की ती यंत्राबरोबरच म्हातारी होते.

मी आता दोन गोष्टी करते आहे. वहीचं प्रत्येक पान साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवते आहे, ज्याला कुठल्याही सॉफ्टवेअरची आखणी लागत नाही. आणि प्रत्येक गाण्याची एक वेगळी प्रत करून तिच्या शेवटी दोन सेकंदांची शांतता सोडते, त्यानंतर मोबाइल आईसमोर धरते. काल ११७ची ब बाजू पुरी झाली. चौथं गाणं संपतं, खरखर थांबते, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि आईचा आवाज येतो: “ह्या मालती पांडे.”